‘कॉन’: विश्वास मागून घेणारी फसवणूक

कुणीतरी फोनवर बोलता बोलता आयुष्यभराची बचत अनोळखी खात्यात भरली, अशी बातमी आली की वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: एवढं कसं कळलं नाही? कुलूप तुटलेलं नसतं, कुणी सुरा दाखवलेला नसतो, खिसा कापलेला नसतो. पैसे त्या माणसाने स्वतःच्या हाताने पाठवलेले असतात.

या प्रकाराला इंग्रजीत एक छोटासा शब्द आहे, ‘कॉन’. त्यावरूनच कॉनमॅन आणि कॉन आर्टिस्ट हे शब्द आले. ते आता मराठी बातम्यांमध्येही सर्रास दिसतात. आपण त्यांना फ्रॉड, स्कॅम, चीटिंग यांच्याच रांगेत बसवतो आणि पुढे जातो. पण ‘कॉन’चा जन्म कसा झाला हे एकदा पाहिलं, की सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं हाती लागतं. शिवाय तो प्रश्न विचारण्यातच आपली काहीतरी चूक होते आहे, हेही दिसायला लागतं.

एक घड्याळ आणि एक प्रश्न

‘कॉन’ हे ‘कॉन्फिडन्स’चं संक्षिप्त रूप. इथे कॉन्फिडन्सचा अर्थ ‘आत्मविश्वास’ असा घ्यायचा नाही, साधा ‘विश्वास’ असा घ्यायचा. आधी ‘कॉन्फिडन्स मॅन’ हा शब्द आला, मग तो झिजून ‘कॉनमॅन’ झाला. 1889 च्या सुमारास अमेरिकन इंग्रजीत नुसतं ‘कॉन’ही याच अर्थाने छापलेलं सापडतं.

या शब्दाचं विशेष असं की त्याच्या जन्माची जागा आणि वेळ जवळजवळ बोट ठेवून दाखवता येते. 8 जुलै 1849 रोजी ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या वर्तमानपत्रात एक बातमी आली. मथळा होता, ‘कॉन्फिडन्स मॅनला अटक’. पकडलेल्या इसमाचं नाव विल्यम थॉम्पसन. त्याची पद्धत ऐकायला अगदीच पोरकट वाटते. चांगले कपडे घातलेला, सभ्य दिसणारा हा गृहस्थ रस्त्यात एखाद्या अनोळखी माणसाला गाठायचा आणि जुनी ओळख असल्यासारखं बोलू लागायचा. थोड्या गप्पा झाल्या की विचारायचा, “उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्यापाशी ठेवाल, एवढा विश्वास आहे का तुमचा माझ्यावर?” आणि लोक घड्याळ काढून द्यायचे!

का द्यायचे, याचं कारण त्या बातमीतच दिलेलं आहे आणि ते फार मोलाचं आहे. समोरच्याला वाटायचं, हा आपला कुणी जुना परिचित असावा, आपल्यालाच नाव आठवत नाहीये. असा प्रसंग कुणावर आलेला नाही? समोरचा हसून चौकशी करतो, आपल्याला तो आठवत नाही आणि ‘तुम्ही कोण?’ असं विचारायला जीभ रेटत नाही. ओशाळवाण्या अवस्थेत आपण हो ला हो म्हणत राहतो. थॉम्पसनने नेमकी ही फट पकडली होती. घड्याळ घेऊन तो हसत हसत निघून जायचा आणि देणाऱ्यालाही वाटायचं, चाललीय मित्राची गंमत.

त्या काळात सोन्याचं घड्याळ ही मोठी चीज होती. ज्या घड्याळावरून थॉम्पसन पकडला गेला, त्याची किंमत बातमीत 110 डॉलर दिली आहे.

बातमी गाजली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात ‘कॉन्फिडन्स मॅन’ नावाचं प्रहसन लागलं. ‘हेरल्ड’ने तर लगेच दुसरा लेख लिहून विचारलं की हा बिचारा घड्याळवाला तुरुंगात गेला, पण हाच उद्योग मोठ्या प्रमाणावर करणारे वॉल स्ट्रीटवरचे लोक महालांत कसे राहतात? पुढे 1857 मध्ये अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेल्व्हिलने याच नावाची कादंबरी लिहिली. ती मिसिसिपी नदीतल्या एका आगबोटीवर, एप्रिल फूलच्या दिवशी घडते. ती प्रकाशितही 1 एप्रिललाच झाली. बोटीचं नाव ‘फिडेल’, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘विश्वासू’. शब्दांच्या मुळाशी खेळणाऱ्या लेखकाने हे नाव सहज ठेवलेलं नाही. ते का, हे पुढे येईलच.

हा शब्द तिथे आणि तेव्हाच का रुजला?

फसवणूक काही 1849 मध्ये सुरू झाली नाही. पण त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या.

एक म्हणजे शहर अतोनात वेगाने वाढत होतं. 1840 च्या जनगणनेत न्यूयॉर्कची लोकसंख्या सुमारे 3 लाख 12 हजार होती, 1850 मध्ये ती 5 लाख 15 हजारांवर गेली. दहा वर्षांत दोन लाख नवे लोक. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे माणसाची पत त्याच्या घराण्यावरून, शेजाऱ्यांवरून ठरते. जिथे कुणीच कुणाला ओळखत नाही, तिथे कपडे, बोलणं आणि रुबाब एवढ्यावरच माणूस जोखावा लागतो. या तिन्ही गोष्टी उसन्या आणता येतात.

दुसरी गोष्ट पैशाची. त्या वेळी अमेरिकेत केंद्र सरकारची कागदी नोट नव्हती. शेकडो खासगी बँका आपापल्या नोटा छापत. हातात आलेली नोट खरी की खोटी, खरी असली तरी ती बँक अजून जिवंत आहे की बुडाली, हे पाहायला दुकानदार छापील याद्या जवळ ठेवत. म्हणजे रोजच्या साध्या व्यवहारातही ‘यावर विश्वास ठेवू का?’ हा प्रश्न दहादा पडायचा. 1837 च्या मोठ्या आर्थिक कोसळणीची आठवण ताजी होती. वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक मजकुरात ‘कॉन्फिडन्स’ हा शब्द सतत असे: बाजारात कॉन्फिडन्स आहे, बाजारातला कॉन्फिडन्स गेला. अशा शहरात एक माणूस उठतो आणि तोच शब्द वापरून रस्त्यात घड्याळं मागतो. नाव चिकटलं नसतं तरच नवल.

शब्दाच्या पोटात काय आहे?

कॉन्फिडन्स हा शब्द लॅटिन ‘कॉन्फिदेरे’वरून आला. ‘फिदेरे’ म्हणजे विश्वास ठेवणे, आणि आधी लागलेला ‘कॉन’ हा उपसर्ग इथे ‘पुरता, पूर्णपणे’ असा जोर देतो. कॉन्फिदेरे म्हणजे पुरता भरवसा टाकणे. आजच्या ‘कॉन’मध्ये गंमत अशी झाली आहे की मूळ शब्दातला विश्वास झडून गेला आणि नुसता उपसर्ग उरला.

‘फिदेस’, म्हणजे विश्वास किंवा दिलेला शब्द, या लॅटिन शब्दाचं गोत मोठं आहे आणि त्यातले काही जण आपल्या ओळखीचे आहेत. कोर्टकचेरीत लागणारं ‘अ‍ॅफिडेव्हिट’ त्यातलंच. त्याचा शब्दशः अर्थ ‘त्याने शपथेवर सांगितलं आहे’ असा. वाग्दत्त जोडीदाराला म्हणतात तो ‘फियान्से’ही त्यातलाच, ज्याला शब्द दिला आहे असा. मेल्व्हिलची बोट ‘फिडेल’ही याच घरची.

आणखी एक लॅटिन क्रियापद आहे, ‘क्रेदेरे’, म्हणजे विश्वास ठेवणे. त्यापासून ‘क्रेडिट’ आलं. हे क्रेदेरे आणि संस्कृतातली ‘श्रद्धा’ एकाच आदिम मुळातून फुटलेले शब्द आहेत. क्रेडिट कार्ड आणि श्रद्धा यांचं नातं सख्खं आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर थांबलो होतो. उधारी असो की उपासना, दोन्हींत आपण न दिसणाऱ्या गोष्टीवर हवाला ठेवतो.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. इंग्रजीत ‘कॉन’ आणखी दोन-तीन अर्थांनी भेटतो. एखाद्या गोष्टीच्या बाजूचे आणि विरुद्धचे मुद्दे सांगताना ‘प्रोज अँड कॉन्स’ म्हणतात, तिथला कॉन ‘कॉन्ट्रा’ म्हणजे ‘विरुद्ध’ यातून आलेला. तुरुंगातल्या कैद्याला बोलीत ‘कॉन’ म्हणतात, तो ‘कॉन्व्हिक्ट’चा तुकडा. या दोघांचा आपल्या शब्दाशी संबंध नाही.

चीट, स्विंडल, फ्रॉड: हे सगळे एकच नाहीत का?

रोजच्या बोलण्यात एकच धरले तरी बिघडत नाही, पण प्रत्येकाचा डोळा वेगळ्या गोष्टीवर आहे.

‘चीट’ हा शब्द ‘एस्चीट’ या जुन्या कायदेशीर शब्दातून घासून निघाला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एखादा माणूस वारस न ठेवता मेला की त्याची जमीन सरंजामदाराकडे किंवा राजाकडे परत जाई, ती एस्चीट. ही वसुली करणारे अधिकारी इतक्या लबाड्या करू लागले की त्यांच्या खात्याचं नावच लबाडीला पडलं. म्हणजे ‘चीट’मध्ये डोळा आहे हक्क नसताना घेण्यावर. ‘स्विंडलर’ जर्मनमधून आला, त्याच्या मुळाशी ‘घेरी येणे’ हा अर्थ आहे. डोकं गरगरवणाऱ्या भव्य योजना मांडणारा, तो स्विंडलर. ‘फ्रॉड’ लॅटिनमधला जुना, सरकारी दप्तरात शोभणारा सर्वसाधारण शब्द. ‘स्कॅम’ सगळ्यांत लहान, 1960 च्या दशकात छापील इंग्रजीत आलेला.

या सगळ्यांत ‘कॉन’च तेवढा अशा गोष्टीचं नाव घेतो जी फसवणाऱ्याकडे नव्हतीच, फसलेल्याकडे होती.

मराठीत याच्या जवळ जाणारे शब्द आहेत. ‘विश्वासघात’ आहे, ‘केसाने गळा कापणे’ हा वाक्प्रचार आहे. पण या दोन्हींत नातं आधीपासून असतं आणि नंतर घात होतो. कॉनमध्ये मुळात नातंच नसतं. ते घात करण्यासाठी नव्याने उभारलेलं असतं. म्हणून मला ‘भामटा’ आणि ‘ठग’ हे कॉनमॅनला अधिक जवळचे वाटतात. यातल्या ‘ठग’ची कथा चटका लावणारी आहे. संस्कृत ‘स्थग’ म्हणजे लबाड, त्यापासून ठग. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ जवळजवळ कॉनमॅनच. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तो उचलला, ‘थग’ केला आणि त्याला हाणामारी करणाऱ्या गुंडाचा अर्थ दिला. वाटेत गोड बोलून सोबत करणारा ठग त्यातून गळून गेला. काही वर्षांनी तीच रिकामी जागा भरायला इंग्रजीला नवा शब्द घडवावा लागला.

डाव रंगतो कसा?

अमेरिकेतल्या लुइव्हिल विद्यापीठात डेव्हिड मॉरर नावाचे भाषाशास्त्रज्ञ होते. गुन्हेगारांची गुप्त बोली हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. व्यावसायिक कॉनमॅन लोकांशी बोलून, त्यांचे शब्द टिपून त्यांनी 1940 मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. शब्द गोळा करता करता सगळी कार्यपद्धतीच उलगडली.

त्या जगात फसणाऱ्याला ‘मार्क’ म्हणत, आपल्याकडे सावज म्हणतात तसं. एक जण सावज हेरून त्याच्याशी मैत्री करायचा. त्याचं काम पैशाचा विषय काढणं नव्हतंच, नुसतं आपलंसं करणं होतं. मग तो सावजाला दुसऱ्या, बड्या दिसणाऱ्या माणसाशी गाठ घालून द्यायचा. हा दुसरा माणूस एका खोट्या कार्यालयात बसलेला असे. तिथे कारकून, गिऱ्हाइकं, फोन, पैशाची थप्पी, सगळं असायचं आणि सगळे नट असायचे. या थाटाला ते ‘बिग स्टोअर’ म्हणत. आज याच कामाला हुबेहूब दिसणारं संकेतस्थळ किंवा मोबाइलवरचं खोटं गुंतवणूक अ‍ॅप पुरतं.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची. त्या बोलीत तिला ‘कन्व्हिन्सर’ म्हणत. सावजाला आधी थोडे पैसे खरोखर जिंकू द्यायचे. रोख, हातात, मोजून घ्या म्हणून. बोस्टनमध्ये 1920 साली चार्ल्स पाँझीने 45 दिवसांत 50 टक्के व्याज देतो असं सांगून पैसे गोळा केले, तेव्हा सुरुवातीच्या लोकांना त्याने ते दिलेही. नंतर आलेल्यांच्या पैशांतून आधीच्यांना देणं, एवढाच त्याचा धंदा होता. पण पैसे घेऊन घरी गेलेला प्रत्येक जण चार शेजाऱ्यांना सांगणारा प्रामाणिक साक्षीदार झाला. जाहिरात कितीही केली तरी एवढं काम झालं नसतं. आज खोट्या अ‍ॅपवर पहिल्यांदा पैसे काढायला लावतात आणि ते बँकेत जमाही होतात, ते याच कारणाने.

यात एक बारकावा आहे आणि मला तो या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. चांगला कॉनमॅन विश्वास मागण्याआधी तो देतो. तो तुमच्या हातात स्वतःचं पाकीट सांभाळायला देतो. आपलं गुपित सांगतो. ‘हे फक्त तुम्हालाच सांगतोय’ म्हणतो. कुणी आपल्यावर विश्वास टाकला की त्याला परत विश्वास देणं हा माणसाचा उपजत शिष्टाचार आहे. आपल्यातल्या चांगुलपणाच्या या सवयीवरच सापळा बसवलेला असतो. आपण सावध असतो ते कुणी काही मागायला आला तर. देणाऱ्यापुढे आपण सैल पडतो.

पण फसतो तो लोभीच ना?

हा आक्षेप फार जुना आहे. ‘प्रामाणिक माणसाला फसवता येत नाही’ अशी इंग्रजीत म्हणच आहे. मॉररनी ज्यांच्याशी बोलून लिहिलं ते कॉनमॅनही असंच सांगत, आणि त्यात थोडं तथ्य होतं. त्या काळच्या मोठ्या डावांत सावजाला काहीतरी बेकायदा फायद्याचं आमिष दाखवत, म्हणजे ते नंतर पोलिसांकडे जाणार नाही.

पण ही म्हण कुणाच्या सोयीची आहे ते पाहा. चोराने ‘तोच चोर होता’ असं म्हणण्यासारखं हे झालं. थॉम्पसनला घड्याळ देणाऱ्यांना काय मिळणार होतं? काहीच नाही. त्यांनी दिलं ते संकोचापोटी, समोरच्याचा अपमान नको म्हणून. आजीला फोन करून ‘मी तुझा नातू, अपघात झालाय, लगेच पैसे पाठव’ म्हणणाऱ्याला पैसे पाठवणारी आजी लोभी नसते. पोलीस अधिकारी असल्याचं भासवून धाक घालणाऱ्यापुढे लटपटणारा माणूस लोभी नसतो. एकटेपणात कुणीतरी रोज विचारपूस करतं, त्याच्यावर जीव जडतो, हाही लोभ नव्हे. अमेरिकेच्या एफबीआयकडे ऑनलाइन गुन्ह्यांची जी नोंद होते, तिच्यात प्रेमाच्या नाटकाने केलेल्या फसवणुकीच्या वर्गाच्या अधिकृत नावात आजही ‘कॉन्फिडन्स’ हा शब्द आहे. 1849 चा शब्द सरकारी तक्त्यात अजून टिकून आहे. 2021 या एका वर्षात या वर्गात 24 हजारांहून जास्त तक्रारी होत्या आणि नुकसान 95 कोटी डॉलरांच्या वर होतं.

लोभ हे एक दार आहे. भीती, माया, संकोच, आदर, घाई ही बाकीची दारं. यातलं एकही दार नसलेला माणूस मी पाहिलेला नाही.

स्वतःच्या हाताने दिलं, मग चोरी कसली?

या प्रश्नाने कायद्यालाही शतकानुशतकं छळलं आहे. जुन्या इंग्रजी कायद्यात चोरी म्हणजे मालकाच्या ताब्यातून त्याच्या संमतीशिवाय वस्तू नेणं. मालकानेच दिली तर चोरी कुठली?

1703 मध्ये लंडनमध्ये एक खटला उभा राहिला. एकाने ‘मला अमक्याने पाठवलंय’ असं खोटं सांगून 20 पौंड नेले. सरन्यायाधीश जॉन होल्ट म्हणाले की एका माणसाने दुसऱ्याला मूर्ख बनवलं म्हणून आम्ही त्याच्यावर फौजदारी खटला चालवायचा का? पैसे हवे असतील तर दिवाणी दावा लावा. खोटी वजनं-मापं वापरली तर तो गुन्हा, कारण त्यातून जपून वागणारा माणूसही सुटत नाही. पण कुणाच्या थापांना भुललात तर तो तुमचा दोष.

आज कुणी बातमीखाली ‘एवढं कसं कळलं नाही’ असं लिहितो, तेव्हा तो नकळत होल्टचाच निकाल पुन्हा सुनावत असतो. कायदा मात्र तिथून पुढे सरकला. 1757 मध्ये ब्रिटिश संसदेने खोट्या बतावणीने पैसे किंवा माल मिळवणं हा गुन्हा ठरवला. 1779 मध्ये पिअर नावाच्या माणसाचा खटला चालला. त्याने एका दिवसासाठी घोडा भाड्याने घेतला आणि त्याच दिवशी विकून टाकला. न्यायाधीशांनी ठरवलं की सुरुवातीपासूनच परत द्यायचा इरादा नसेल, तर मालकाने घोडा हाताने दिला असला तरी ती चोरीच. संमती होती, पण ती एक दिवस वापरायला देण्याची होती. जे घडलं त्याला ती नव्हतीच.

इंग्लंड-वेल्समध्ये 2006 च्या फ्रॉड कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं. समोरचा फसला की नाही, हे आता पाहावं लागत नाही. लाभासाठी अप्रामाणिकपणे खोटी बतावणी केली की गुन्हा पूर्ण झाला. तीनशे वर्षांत प्रश्नाचा रोख फसलेल्याच्या शहाणपणावरून फसवणाऱ्याच्या वर्तनावर आला.

तरी मूळ प्रश्न बँकांच्या दारात परत उभा राहिला. ग्राहकाच्या खात्यातून चोराने परस्पर पैसे काढले तर बँक भरून देई. पण ग्राहकाने थापेला बळी पडून स्वतः पाठवले तर उत्तर यायचं, ‘बटण तुम्हीच दाबलंत’. ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून हे बदललं. अशा फसवणुकीतही बँकांनी 85 हजार पौंडांपर्यंतची रक्कम भरून द्यायची, साधारणपणे पाच कामकाजाच्या दिवसांत, आणि भार पाठवणाऱ्या व स्वीकारणाऱ्या बँकेने निम्मा-निम्मा उचलायचा. ग्राहकाने अक्षम्य निष्काळजीपणा केला असेल तर दावा नाकारता येतो, पण तसं सिद्ध करणं बँकेवर आहे. यामुळे लोक बेफिकीर होतील अशी भीती काहींनी घातली. माझं मत उलट आहे. चोराचं खातं ज्या बँकेत उघडलं गेलं तिलाही आता भुर्दंड बसतो, त्यामुळे खातं उघडणाऱ्याची नीट चौकशी करण्यात प्रथमच तिचा स्वार्थ आला.

थाप आणि कॉन: युद्धाच्या कायद्यातला फरक

साधं खोटं बोलणं आणि विश्वास मिळवून घात करणं यांत फरक तो काय, असं कुणी विचारलं तर सर्वांत नेमकं उत्तर एका अनपेक्षित ठिकाणी सापडतं: युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत.

युद्धात शत्रूला फसवायला बंदी नाही. झाडाझुडपांत लपणं, खोट्या हालचाली दाखवणं, चुकीची माहिती पसरवणं, हे सगळं चालतं. पण जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या पुरवणी करारात, 37 व्या कलमात, एका प्रकाराला सक्त मनाई आहे. शरण आल्याचा पांढरा झेंडा दाखवून जवळ बोलवायचं आणि गोळ्या घालायच्या, हा तो प्रकार. किंवा जखमी असल्याचं सोंग घ्यायचं. या प्रकाराला तिथे ‘पर्फिडी’ म्हटलं आहे, तोही फिदेस घराण्यातलाच शब्द. आणि व्याख्येत काय आहे? शत्रूचा ‘कॉन्फिडन्स’ मिळवणं आणि तो मोडण्याचा हेतू असणं.

इथे बंदी का, ते सहज कळतं. झाडात लपल्याने झाडांचं काही बिघडत नाही. पण पांढरा झेंडा एकदा खोटा ठरला की पुढच्या वेळी खरोखर शरण येणाऱ्याला कुणी जिवंत सोडणार नाही. साधी थाप एका माणसाला लुबाडते. कॉन त्याच्याबरोबर ती खूणही जाळून टाकतो, जिच्या आधारे अनोळखी माणसं एकमेकांना मदत करतात. मदतीसाठी खोटे फोन वाढले की खऱ्या अडचणीतल्या माणसाचा फोन उचलला जात नाही. हे नुकसान कोणत्याच तक्त्यात डॉलरांत येत नाही.

फसलेल्याला काय म्हणायचं?

इंग्रजीत फसलेल्यासाठीचे शब्द गोळा केले तर पक्ष्यांचा थवा जमतो. ‘पिजन’ म्हणजे कबूतर. ‘ड्यूप’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द हुदहुद पक्ष्याच्या नावावरून पडला, कारण तो पक्षी बावळट समजला जाई. गेल्या काही वर्षांत त्यात जनावराची भर पडली. प्रेमाचं नाटक करत महिनोन्महिने खोट्या गुंतवणुकीत पैसे टाकायला लावायचे, या प्रकाराला चिनी गुन्हेगारांच्या बोलीवरून ‘पिग बुचरिंग’, म्हणजे डुक्कर पोसून कापणं, असं नाव पडलं. बातम्यांनी, पोलिसांनी ते जसंच्या तसं उचललं. ज्याचं आयुष्य उद्ध्वस्त झालंय त्याला आपण सहज डुक्कर म्हणतोय, हे बराच काळ कुणाच्या लक्षातही आलं नाही. डिसेंबर 2024 मध्ये इंटरपोलने आवाहन केलं की हा शब्द सोडा, ‘रोमान्स बेटिंग’ म्हणा, म्हणजे प्रेमाचा गळ टाकणं. कारण आधीचं नाव ऐकून फसलेले लोक शरमेने पुढेच येत नाहीत.

ही शरम कॉनमॅन लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होती आणि ते तिचा वापर करत. टोळीतला एक जण शेवटी मागे थांबून सावजाची समजूत घालत असे: झालं ते झालं, बोभाटा केलात तर तुमचीच शोभा होईल. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1952 मध्ये या ‘थंड करण्या’वर एक निबंधच लिहिला. आज त्या माणसाची गरज उरलेली नाही. ते काम नातेवाईक, शेजारी आणि बातमीखाली लिहिणारे आपण फुकटात करून टाकतो.

थॉम्पसन ज्याच्यामुळे पकडला गेला, तो माणूस थंड झाला नव्हता. मे महिन्यात विल्यम स्ट्रीटवर त्याने स्वतःच्या हाताने घड्याळ काढून दिलं होतं. जुलैत लिबर्टी स्ट्रीटवरून जाताना त्याला तोच चेहरा समोर दिसला. ‘मीच दिलं होतं’ हे चारचौघांत सांगावं लागणार होतं, तरी त्याने जवळच्या पोलिसाला बोलावून बोट दाखवलं. थॉम्पसनने आधी जायला नकार दिला, मग थोडं अंतर चालला, मग झटापट करू लागला आणि त्याचे हात बांधून त्याला चौकीत न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी ‘हेरल्ड’मध्ये बातमी आली.